सीट ठोकल्याचा आवाज

झाडीपट्टीतला माणूस मरणाला भीत नाही. वाघाच्या शेजारात तो जन्मतो, वाघाला देव मानतो आणि त्याच्याच रानात मोह वेचतो; हे धैर्य त्याच्या रक्तातच असतं, असं बाहेरून येणारे पाहुणे भाषणात सांगतात. चिचटोल्याच्या लोकांनी हे भाषण दोनदा ऐकलं आहे, दोन्ही वेळा भर दुपारी. साडेपाचनंतर चिचटोल्यात भाषण होत नाही, कारण ऐकायला कोणी येत नाही. सगळे आपापल्या घरी आतून कडी लावून मरणाला न भीत बसलेले असतात.

त्या वेळेला बाहेर असणारा गावात एकच माणूस होता, आणि तोही धैर्यामुळे नव्हे. इसरू कुमरे आरमोरीच्या रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये भरल्या पोत्यांची तोंडं शिवायचा. मिल पाचला सुटायची. तिथून चिचटोला अकरा किलोमीटर, त्यातले शेवटचे चार जंगलातले. हिवाळ्यात पावणेसहाला सूर्य बुडतो. सायकल न थांबता चालली तर इसरू सहाला, अंधार पुरता पडायच्या आत, घरी पोचायचा. न थांबता चालली तर.

सायकल त्याच्या मुलीची, दिव्यानीची. आठवीत तिला शाळेतून मिळालेली. पुढे दिव्यानी लग्न होऊन गोंडपिपरीकडे गेली आणि सायकल माहेरी राहिली. जांभळी लेडीज सायकल, मडगार्डवर फुलपाखरू. पंचेचाळीस वर्षांचा मिशीवाला माणूस फुलपाखरावर बसून कामाला जातो, यावर गावाने महिनाभर विनोद केले. मग ते विनोद संपले आणि सीटचे सुरू झाले.

सीट हलायची. चालवता चालवता तिचं नाक आभाळाकडे उठायचं, मागची बाजू खाली बसायची आणि माणूस घसरगुंडीवरून उलटा निघाल्यासारखा मागे सरकायचा. नवल म्हणजे सकाळी जाताना ती अजिबात हलायची नाही. अकरा किलोमीटर गुमान. दिवसभर सायकल मिलच्या भिंतीला उन्हात उभी असायची, तेव्हाही तिची काही तक्रार नसायची. हलायची ती परत येताना, आणि तीही बहुतेक वेळा गोटादेवाजवळ.

गोटादेव म्हणजे गोट्यांचा ढीग. गावापासून अर्धा किलोमीटर आत, नाल्यावर सिमेंटचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल आहे, त्याला लागून. येणाऱ्याजाणाऱ्याने एक गोटा ठेवायचा आणि पुढे जायचं, एवढीच पूजा. ढीग आता माणसाच्या छातीला लागतो. रपट्याच्या तोंडाशी खड्डा आहे. त्या खड्ड्यात चाक आपटलं की सीटचं नाक वर. मग इसरू उतरायचा, ढिगातला हातात बसेल असा गोटा उचलायचा, वाकून सीटवर आठ-दहा टोले हाणायचा, गोटा होता तिथे ठेवायचा आणि निघायचा. टक-टक-टक. थंडीच्या दिवसांत तो आवाज गावापर्यंत यायचा. लोक म्हणायचे, इसरूची सीट आली, आता इसरू येईल.

गाव आणि जंगल यांच्या सीमेवर एक पाटी आहे. ‘वाघाचा वावर. एकट्याने जाऊ नये. खाली वाकू अथवा बसू नये.’ वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असं वनरक्षक हेमराजने एका रविवारच्या सभेत समजावून सांगितलं होतं. त्या सभेत इसरूची बायको धुरपता उठून उभी राहिली.

“साहेब, आमच्या घरचे रोज गोटादेवापाशी वाकतेत. सीट हालते त्यायची.”

“बाई, मी वाघाचं सांगून राह्यलो. सीटीचं मले काय समजते?”

“सीटीपायीच वाघ खाईन ना त्यायले.”

सभा हसली. हेमराजने वहीत ‘सीट’ असा शब्द लिहिला. पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्याखाली रेघ ओढली.

“सीटीचं मी सांगतो,” मुखरू म्हणाला. गोटादेवाचं वर्षाचं पूजन मुखरूकडे होतं, त्यामुळे उरलेल्या वर्षात त्याला बोलायला वेळ असायचा. “सारं गाव गोटा ठेवते, हा गोटा उचलते. देव सीट नाई हालवन त काय याची आरती करन?”

“परत ठेवतो ना मी,” इसरू म्हणाला.

“उष्टा करून ठेवतं! सीटीवर घासलेला गोटा देवाच्या अंगावर. तुह्या अंगावर कोनी ठेवला तं?”

सभा पुन्हा हसली आणि साडेचारलाच संपली.

धुरपताला मात्र हसू आलं नाही. रोज संध्याकाळी तिचं एकच काम होतं: नवरा न वाकता घरी यावा अशी वाट बघणं. तिने इसरूला मिस्त्रीकडे पाठवलं. पत्रू मिस्त्रीची टपरी मिलच्या अलीकडे होती. इसरू सकाळी जाताना तिथे थांबला. पत्रूने सीटचं नाक दोन्ही हातांनी धरून त्याला लोंबकळून पाहिलं.

“कुठी हालते? गोट्यासारखी बसली हाय.”

“इथी नाई हालत. जंगलात हालते.”

“म्हंजे सायकल वाघाले भेते. त्याचा नट माह्यापाशी नाई, भाऊ.”

“पाहून तं घ्या एकडाव खोलून.”

“चांगली बसलेली सीट काऊन खोलू? खोलली का बिघडते.” तरीही त्याने पाना लावून दोन्ही बाजूंनी जरासं आवळलं, गिऱ्हाईकाचं समाधान म्हणून. “अन् मांगं रेलून नको बसत जाऊ. आरामखुर्ची हाय का ते?”

इसरू त्या दिवसापासून पुढे झुकून सायकल चालवू लागला. दिवसभर वाकून पोती शिवायची आणि संध्याकाळी वाकून सायकल हाणायची. सीट हलायची ती हललीच.

धुरपताने स्वतःच्या अकलेने एक उपाय आधीच सुरू केला होता. सीट हलायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास, ती वाजायची. प्रत्येक पायडलला कुर्र-कुच, कुर्र-कुच. धुरपताचा बाप जुन्या काळी रानात पारधीला जायचा. तो म्हणायचा, रानात ज्याचा आवाज पुढं जाते, तो माणूस मांगं राह्यते. हेमराज साहेबांनी सभेत उलटं सांगितलं होतं, की जंगलातून जाताना बोलत जा, डबा वाजवत जा. पण हेमराज साहेब तिशीचे होते आणि बाप रानातून चाळीस वर्षं परत आला होता. तिने बापाचं ऐकलं. दर रविवारी डोक्याला तेल लावून झालं की ती उरलेलं टोरीचं तेल चुलीपाशी पातळ करायची. टोरी म्हणजे मोहाचं बी. त्याचं तेल हिवाळ्यात तुपासारखं थिजतं. ते ती सीटखाली, स्प्रिंगांवर, जिथून आवाज येतो त्या क्लँपच्या सांध्यात सढळ हाताने सोडायची. सोमवारी सकाळी सायकल मांजरासारखी निघायची.

यात तिचा एक तोटा झाला. पूर्वी कुर्र-कुच वळणावर ऐकू आली की ती भात टाकायची. आता तिला काहीच ऐकू येईना. मग ती गोटादेवाच्या टक-टककडे कान लावू लागली. टक-टक थांबली की सीट सरळ झाली. सीट सरळ झाली की पाच मिनिटांत माणूस दारात. तेवढ्या वेळात आधण येतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी मिलमध्ये ट्रक उशिरा लागला. इसरू साडेपाचला निघाला. साडेसहा झाले तरी घरी आला नाही. गोटादेवाजवळ मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे फोन लावण्यात धुरपताने वेळ घालवला नाही. ती मुखरूच्या दारात गेली, मुखरू आणखी चार दारांत गेला, आणि पावणेसातला पाटीपाशी तीसेक माणसं जमली. बॅटऱ्या होत्या, कुऱ्हाडी होत्या, एकाने पिंप आणलं होतं वाजवायला. हेमराजला फोन लागला. तो म्हणाला, कोणी आत जाऊ नका, मी गाडी घेऊन निघतो. लोकांनी हा आदेश काटेकोर पाळला. सरकारी आदेश इतक्या मनापासून पाळला गेल्याचं चिचटोल्याच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही.

तेवढ्यात आवाज आला.

टक. टक. टक.

पिंपवाल्याने पिंपावर उगारलेला हात खाली घेतला.

“हाडं फोडून राह्यला,” एकजण हळूच म्हणाला.

“वाघ का गोट्यानं हाडं फोडते, बैताडा?” धुरपता म्हणाली. तिच्या आवाजात तासाभरात पहिल्यांदा जीव आला. “सीट ठोकून राह्यले ते. मी रोज आयकतो ना. सीट होय.”

टक. टक.

तीस माणसांच्या छातीतली हवा एकदम सुटली. कोणी बिडी पेटवली. मुखरू म्हणाला, “पाहा, अंधारातबी देवाचाच गोटा लागते त्याले.” लोक जोरात हसले, जरा गरजेपेक्षा जोरात. धुरपताही हसली. मग पदर डोक्यावर सारखा करून ती पाटीच्या पुढे दोन पावलं गेली आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली, “ओ दिव्यानीचे बाबा! या ना लवकर!”

क्षणभर काही नाही. मग टक-टक-टक-टक, घाईघाईने.

“आयकलं त्यानं,” मुखरू म्हणाला. “येते आता.”

टोले नेहमीपेक्षा जास्त वेळ चालले. मध्ये थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे.

“आज लय वेळ लावला,” धुरपता म्हणाली. “मी जाऊन पाहू का? बॅटरी धरली तं लवकर होईन.”

“थंडीनं आवळली असन. पक्की बसवून राह्यला तो,” पिंपवाला म्हणाला.

ती निघालीच होती. मुखरूच्या बायकोने तिचा दंड धरला आणि दुसऱ्या दोघींनी दुसरा. पुरुषांनी तिला नीट समजावलं. इसरू जिवंत असेल तर तो येईलच, म्हणून जायची गरज नाही. आणि वाघाने नेला असेल तर जाऊन उपयोग नाही. शिवाय टक-टक येते आहे, म्हणजे तो जिवंत आहे. धुरपताला यात कुठे चूक दिसेना. इतर कोणालाही दिसली नाही. नंतर पुष्कळ दिवस शोधूनही काहींना ती सापडलेली नाही.

सव्वासातच्या पुढे टोले विरळ झाले. एक. मग बऱ्याच वेळाने एक. मग थांबले.

पाटीपाशी सगळे कान देऊन उभे होते.

“झाली सरळ,” धुरपता म्हणाली. “भात टाकतो मी.” आणि ती घरी गेली.

हेमराजची गाडी आठला आली. तोवर भात झाला होता आणि इसरू आला नव्हता. गाडीच्या उजेडात सगळे मिळून आत गेले, कारण आता आदेश तसा होता. गोटादेवाशी पोचल्यावर माणसांनी शिकवल्याप्रमाणे गोल केला: पाठी आत, तोंडं बाहेर, बॅटऱ्या झाडीत. वाघ कोणत्या बाजूने येतो ते बघत ती तशी बराच वेळ उभी राहिली. आत कोण पडलं आहे, ते सगळ्यात शेवटी मुखरूने वळून पाहिलं.

इसरू ढिगाच्या पायथ्याशी उताणा पडला होता. अंगावर ओरखडा नव्हता. रपट्याच्या खड्ड्यात सीट एकदम उलटली आणि तो पाठीवर गोट्यांच्या ढिगात गेला. बरगड्या मोडल्या, एक आत घुसली. ओरडायला छातीत हवा लागते, ती राहिली नव्हती. हात मात्र शाबूत होता. हातात गोटा होता, आणि शेजारी आडव्या पडलेल्या सायकलच्या मडगार्डावर, फुलपाखराच्या जागी, रंग उडून पत्रा आत गेला होता. अंग अजून कोमट होतं.

धुरपता मागून धावत आली. तिला कोणी अडवलं नाही. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग सायकलकडे.

“सीट तं तशीच हाय,” ती म्हणाली.

सीटचं नाक आभाळाकडे होतं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की मृत्यू साधारण साडेसातला झाला असावा. कागदावर नाही, पण तोंडी ते असंही म्हणाले की तासभर आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. ते हे सगळ्याच नातेवाइकांना म्हणतात, असं दवाखान्याच्या शिपायाने धुरपताला धीर देण्यासाठी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याचे एक पुढारी वीस माणसं आणि एक फलक घेऊन आले. फलकावर ‘नरभक्षक वाघाचा बंदोबस्त करा’ असं होतं आणि खाली मृतांच्या नावासाठी रिकामी जागा. इसरूचं नाव रंगवून झालं होतं. पाटीपाशी त्यांना कळलं की वाघ नाही, सीट आहे. पुढाऱ्यांनी दोन वेळा खात्री करून घेतली. सीटविरुद्ध घोषणा कशी द्यायची, यावर त्यांच्या माणसांत थोडी चर्चा झाली. मग धुरपताला नमस्कार करून ते गेले. फलक त्यांनी नेला. रंग ओला होता, नाव पुसता येणार होतं.

मुखरूचा भाचा तिच्या अंगणात येऊन बसला.

“मामी, अजूनबी सांगता येते. मांगून धडक देल्ली म्हना वाघानं. पडले तं पडलेच, पन वाघापायी पडले. मंग भरपाईची फाईल होते.”

“वाघ कुठी होता?”

“वाघ कुठी नसते?”

हा युक्तिवाद जिल्ह्यात कुठेही टिकला असता. पण रपट्याजवळच्या झाडाला हेमराजने कॅमेरा बांधलेला होता. त्यातली आठवड्याची चित्रं काढली गेली आणि अहवाल झाला. त्या आठवड्यात गोटादेव परिसरात आढळलेले प्राणी: ससा एक, रानडुकरं दोन, माणसं बत्तीस. वाघ तीन आठवड्यांपूर्वीच नदीपलीकडे गेला होता. माणसं बत्तीस कशी, याची पुन्हा मोजणी झाली. त्यात हेमराज स्वतः आणि इसरू होते.

गावाने शेवटी मुखरूचं मत मान्य केलं, की देवाचा गोटा उचलल्याचं हे फळ. यात गावाची सोय होती. फळ देवाचं म्हटलं की टोले ऐकून पाटीपाशीच उभं राहिल्याचं कोणी विचारणार नव्हतं. पुढच्या पंधरवड्यात गोटादेवाच्या ढिगात पुष्कळ भर पडली. काही लोक दोन-दोन ठेवून आले.

टक-टकचं कोणी बोलत नव्हतं. फक्त संध्याकाळी कोणाच्या अंगणात मसाला कुटायला सुरुवात झाली की शेजारची माणसं उठून घरात जायची. धुरपता जायची नाही. ती कुटणं थांबेपर्यंत ऐकत बसायची.

सायकल पोलिसांकडून मार्चच्या शेवटी परत मिळाली. मधल्या काळात धुरपताला मिलमध्ये पोती शिवायचं काम लागलं होतं. दाभण नवऱ्याचंच होतं. अकरा किलोमीटर ती कधी पायी, कधी कोणाच्या गाडीवर जायची. आता सायकल आली. दुपारच्या सुट्टीत ती सायकल ढकलत पत्रूच्या टपरीवर घेऊन गेली. सीट अजून आभाळाकडे बघत होती.

पत्रूने या वेळी लोंबकळून पाहिलं नाही. त्याने सायकल उन्हातच उभी केली, नट सैल केले आणि सीट काढली. क्लँपच्या सांध्यातून पिवळं तेल त्याच्या मनगटावर ओघळलं. त्याने ते नाकाशी नेलं.

“टोरीचं हाय. कोनं घातलं हे?”

“मीनं.”

“काऊन, बाई?”

“वाजत होती.”

पत्रूने मान खाली घालून क्लँपच्या चकत्या तळहातावर घेतल्या. दोन्हींना कडेने बारीक दाते होते. “हे दाते एकामेकात अडकतेत तवा सीट जागेवर राह्यते. वाजली तं वाजू द्याची. इथी तेल गेलं तं सकाळच्या थंडीत थिजून पकडून ठेवते अन् दिसभर उन्हात राह्यली का संध्याकाळी सोडते.”

धुरपताने त्याच्या तळहातावरची एक चकती उचलून दात्यांवरून बोट फिरवलं.

“तुमी पाह्यलं तवा सकाळ होती,” ती म्हणाली.

“हो,” पत्रू म्हणाला. “खोलली नवती मी.”

रस्त्यावरून धानाचा ट्रक गेला. पत्रूने पेट्रोलमध्ये भिजवलेल्या चिंधीने दाते पुसले, सुकू दिले, सीट बसवली आणि दोन्ही बाजूंचे नट चौदा नंबरच्या पान्याने सारखे आवळले. धुरपता बसून पाहत होती. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

सीट आता वाजते. हलत नाही.